मुलाखतीचे बोलावणे

(जोगेश्वरी येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



अशा कार्यक्रमाला डॉक्टर, इंजिनीअर किंवा प्राध्यापक यांना बोलावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्ही यांपैकी कोणीच नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. बेडूक कापण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही. तरीही वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीवर चार शब्द बोला, असा आग्रह कार्यकारिणीने धरला. त्याचे कारण एवढेच की, वस्तीतल्या मुलांचे आई-वडील कामावरून सुट्टी घेऊ शकत नाहीत, तेव्हा कागदांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर जाण्याचे काम गेली बरीच वर्षे आमच्याकडे आले आहे. शिवाय आमची निम्मी हयात काऊंटरच्या आत गेली. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात काय कालवते ते आम्हाला ठाऊक आहे, आणि आत बसलेला माणूस कागदात काय शोधत असतो तेही ठाऊक आहे. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

प्रथम एक घोळ दूर करू. 'मुलाखत' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर येते ती गोल टेबलाभोवती बसलेली साहेब मंडळी, मधे एक खुर्ची, आणि इंग्रजीत प्रश्न. आपल्या राज्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशात तसे काही नव्हते आणि आजही नाही. आधी बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या गुणांवर यादी लागे. १९९९ पासून राज्याची सीईटी आली. पुढे नीटचा घोळ झाला. २०१३ साली ती पहिल्यांदा झाली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१६ मध्ये न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेतला, मधे केंद्र सरकारचा अध्यादेश आला, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात एमबीबीएसची दारे नीटच्या गुणांवरच उघडतात. ती परीक्षा मराठीतूनही देता येते. मग मुलाखत ती कसली? तर गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाप्रमाणे मूळ कागदपत्रे घेऊन हजर राहण्याचे बोलावणे, त्याला लोक मुलाखत म्हणत. "मुलीला मुलाखतीचा कॉल आला," असे आई चाळभर सांगत फिरायची ती या बोलावण्याबद्दल. गुण देणारी ती मुलाखत नव्हती. पण त्या दिवशी मुलांचे हात थरथरत ते खऱ्या मुलाखतीसारखेच.

हे आम्ही एवढे फोड करून का सांगतो? कारण ज्या ठिकाणी मुलाखतीला गुण होते, तिथे काय झाले हे आपल्या समाजाने नीट लक्षात ठेवले पाहिजे. तामिळनाडूत १९७०-७१ च्या वैद्यकीय प्रवेशात मुलाखतीला ७५ गुण होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पेरियाकरुप्पन खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि न्यायालयाने त्या मुलाखतींच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. दुसरे प्रकरण वैद्यकीय नव्हे, अभियांत्रिकीचे आहे, पण सांगण्यासारखे आहे. श्रीनगरच्या रीजनल इंजिनीअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण होते. ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्या मुलांची तक्रार अशी होती की, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे आत बोलावले, आणि विचारले काय, तर वडील कोण, राहता कुठे. विषयाचा प्रश्न जवळपास नाहीच. अजय हसिया खटल्याचा निकाल १९८० च्या नोव्हेंबरात लागला. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, मुलाखतीला शेकडा १५ हून अधिक गुण ठेवणे मनमानी आहे, आणि मुलाखतीचे बोलणे टेपवर घेतले तर बरे.

वडील कोण, राहता कुठे. मित्रहो, हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि आपल्या देशात त्या दोन उत्तरांतून तिसऱ्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. लेखी पेपर कितीही कठीण असो, तो तपासणाऱ्याला तुमचे आडनाव दिसत नाही. गोळे काळे केलेल्या कागदाला वस्ती नसते. म्हणून कोणी म्हणाले की नुसत्या गुणांवर प्रवेश देण्यापेक्षा मुलाखत घ्या, माणुसकी तपासा, तर बोलणे गोड वाटते, पण आम्ही लगेच विचारतो, तपासणार कोण?

हा रोग आपल्याच देशाचा आहे असेही नाही. लंडनमध्ये सेंट जॉर्ज नावाच्या वैद्यकीय शाळेत १९८०च्या दशकात अर्जांची पहिली चाळणी संगणकाकडे सोपवली होती. यंत्राला माणसाच्या जुन्या निवडी पाहून शिकवले होते. ते इतके हुबेहूब शिकले की युरोपीय न वाटणाऱ्या नावाला आणि बाईच्या नावाला ते आपोआप खाली ढकलू लागले. वर्षाला साठेक उमेदवार केवळ नावामुळे वा बाई असल्यामुळे मुलाखतीपर्यंत पोचले नसावेत, असे १९८८ साली तिथल्या वंशसमानता आयोगाने उघड केले. यंत्राचा दोष नव्हता, त्याने साहेबांची सही गिरवली होती. योगायोग पाहा, आपल्या राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचे कार्यालयही मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्याच आवारात आहे. नावापलीकडे दोघांचा संबंध नाही, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नये.

आता आपल्याकडे वळू. गुणांची मुलाखत नाही, म्हणजे वडील कोण आणि राहता कुठे हे प्रश्न आपल्याला चुकले, असे वाटते. ते चुकले नाहीत. ते खिडकीवर जाऊन बसले.

आम्ही नोकरीला लागलो त्या काळात फेरी समोरासमोर व्हायची. मोठ्या सभागृहात क्रमांक पुकारत. भिंतीवर किंवा पडद्यावर कुठल्या कॉलेजात कुठल्या प्रवर्गाच्या किती जागा उरल्या ते लागलेले असे. तुमच्यापुढचा मुलगा उठून गेला की एक आकडा कमी होई. सकाळी जे कॉलेज हाताशी होते ते दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत गेलेले असे. टेबलाशी पोचल्यावर निवड सांगायला मिनिटभर मिळे. आई-बाप बाहेर. आयुष्यात कधी स्वतःचे कापडही स्वतः न निवडलेली सतरा-अठरा वर्षांची पोर तिथे धुळे की मिरज हे ठरवी. आणि फी डिमांड ड्राफ्टने. ड्राफ्ट अधिष्ठात्यांच्या नावाने हवा, देय ठिकाण अमुक हवे, स्पेलिंग बरोबर हवे. जुलै-ऑगस्टात काऊंटर बंद होण्याच्या वेळेला घामाघूम झालेला एखादा बाप खिडकीशी आला, की तो ड्राफ्ट कशासाठी हे आम्ही न विचारता ओळखायचो. पैसे बहुधा पतपेढीचे, थोडे मेव्हण्याचे, आणि नोटांच्या घड्या वेगवेगळ्या.

आज ते सभागृह गेले. फोर्टमधल्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नोंदणी, तिथेच कागद चढवायचे, तिथेच पसंतीक्रम भरायचा, यादी रात्री उशिरा मोबाईलवर. काही जण म्हणतात, बरे झाले, अपमान वाचला. ते अर्धे खरे आहे. यंत्र कुणाकडे वरून खाली पाहत नाही. पण यंत्राला 'साहेब, जरा बघा ना' असेही म्हणता येत नाही. कागद चुकीचा चढला की चुकीचाच राहतो. आणि यादीत नाव आल्यावर कॉलेजात हजर व्हायला थोडे दिवस मिळतात, तिथे पुन्हा टेबल, पुन्हा मूळ कागद, पुन्हा माणूस. नाव गोंदियाला लागले तर विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट मिळवण्यापासून मुलाखत सुरू होते.

कागदांविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण रडारड होते ती इथे. मंचावर बसलेल्या मंडळींना हे कंटाळवाणे वाटेल, त्यांनी क्षमा करावी.

आपल्या जोगेश्वरीत, मेघवाडीत, मजासवाडीत राहणारी बरीच कुटुंबे मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. आजोबा गिरणीत, गोदीत किंवा म्युनिसिपालिटीत कामाला आले. मुलगा इथे जन्मला, इथल्या शाळेत शिकला, त्याला गावची वाटही धड माहीत नाही. पण अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी पाहतात ते १० ऑगस्ट १९५० या दिवशी तुमचे घराणे कुठले रहिवासी होते ते. त्यामुळे जन्म जोगेश्वरीचा असला तरी दाखला बहुधा चिपळूण, खेड किंवा राजापूरच्या प्रांत कचेरीतून काढावा लागतो, आणि ज्या जिल्ह्याचा दाखला त्या जिल्ह्याच्या समितीकडे पडताळणी. बारावीचा अभ्यास, नीटचा क्लास, आणि मधेच रत्नागिरीची एसटी. ही कसरत दुसऱ्या समाजाच्या मुलाला करावी लागत नाही. दोघांना परीक्षेचा पेपर मात्र एकच असतो.

बरे, पुरावा कसला द्यायचा? पणजोबा शाळेत गेले नाहीत. आजोबा गेले असतील तर लोकल बोर्डाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचे नाव सापडते, पण आडनावाच्या जागी जात. रामा सखाराम, पुढे आडनाव नाही, जात महार. मुंबईला आल्यावर गावावरून आडनाव लावले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्यानंतर वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लागले. मुलाच्या दाखल्यावर कुणी बौद्ध लिहिले, कुणी हिंदू-महार, कुणी नवबौद्ध. एका घराण्याच्या तीन पिढ्यांचे तीन कागद टेबलावर ठेवले की खिडकीतला माणूस विचारतो, "हे तिघे एकच कशावरून?"

आतली बाजू माहीत असल्याने सांगतो, हा प्रश्न दर वेळी दुष्टपणाने विचारलेला नसतो. आमच्या बँकेत पासबुकावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे असले तर आम्हीही अडवतो, कारण उद्या आमच्यावर ठपका येतो. पण इथे एक फरक आहे. कुणाच्या घरात आडनाव लिहिण्यात चूक झाली म्हणून हे कागद वेगळे नाहीत. हे कागद वेगळे आहेत, कारण आपल्या माणसांनी त्या मधल्या वर्षांत आपले नाव स्वतः बदलले. आमच्याबरोबरच्या एका मुलीला अशाच एका खिडकीवर, कुठल्या ते सांगत नाही, विचारले होते, "बौद्ध ना तुम्ही? मग जात कशी?" ती गप्प राहिली. बाहेर आल्यावर तिने आम्हाला विचारले, "काका, मी काय सांगायला हवं होतं?"

काय सांगायचे ते सगळ्यांनी पाठ करा. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने झाली, तेव्हा त्यात फक्त हिंदू धर्मीय होते. पुढे शीख आले. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राने १९९० साली कायदा दुरुस्त करून त्यात घेतले. महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना त्याआधीच दिल्या होत्या. आपल्या राज्याच्या प्रवेश नियमांत आजही 'अनुसूचित जाती व बौद्ध धर्मांतरित अनुसूचित जाती' अशी एकत्र १३ टक्क्यांची तरतूद आहे. हे शांत आवाजात, दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. भांडायचे नाही, रडायचे नाही. आणि केंद्राच्या कोट्यातून, म्हणजे देशपातळीवरच्या १५ टक्के जागांतून अर्ज करणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवायचा. राज्याचा दाखला तिथे चालेल, या भरवशावर राहू नका.

आणखी एक कागद पुष्कळांच्या घरी गावाला सापडतो, आणि तो हातात घेताना आम्हाला दर वेळी कसेसेच होते. महार वतनाच्या जमिनीची नोंद. ज्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, जे वतन पुढे १९५८ च्या कायद्याने गेले, त्याचाच उतारा आज नातीच्या डॉक्टरकीच्या फाईलमध्ये पुरावा म्हणून लागतो. आजोबा तो फाडून टाकायला निघाले होते, असे एका घरी ऐकले. आजीने तो ट्रंकेत तळाशी घातला म्हणून वाचला. तेव्हा गावी जाल तेव्हा ट्रंका उघडा. कोतवाल बुकातला जन्म-मृत्यूचा उतारा, शाळेचे रजिस्टर, वतनाचा कागद, जे सापडेल त्याची नक्कल काढा.

पडताळणीचा अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करा. बारावीत केलात तर उशीर झाला असे समजा. वडिलांची, काकांची, आत्याची, कुणाही रक्ताच्या नातेवाईकाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. इथे आम्हाला एक कटू गोष्ट बोलावी लागते. समाजात असे काका आहेत की जे सरकारी नोकरीत आहेत, ज्यांच्याकडे व्हॅलिडिटी आहे, पण पुतण्याला झेरॉक्स देत नाहीत. भावाभावांत गावच्या घरावरून वाद असतो. कुणाचा गैरवापर होईल अशी भीती असते. आम्ही अशा दोन घरी जाऊन बसलो आहोत, चहा पिऊन आलो आहोत, आणि एका घरून कागद घेऊन आलो आहोत.

समितीला कागदांनी समाधान झाले नाही तर दक्षता पथक चौकशी करते, सुनावणीला बोलावतात. ही खरी समोरासमोरची मुलाखत. तिथे मुलाने नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्याने बोलावे. गावातल्या वाडीचे नाव, भावकीची घरे, लग्नसंबंध कुठल्या गावांशी, हे म्हाताऱ्या माणसाला जितके सांगता येते तितके सीबीएसईच्या मुलाला येत नाही.

आता खऱ्या, तोंडी मुलाखतीकडे येतो, कारण ती अगदीच नाही असे नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे एएफएमसी म्हणतात, तिथे नीटच्या गुणांवरून निवडक मुलांना पुण्याला बोलावतात. इंग्रजी आणि तर्कबुद्धीची चाचणी, मुलाखत, आणि शारीरिक तपासणी असे टप्पे असतात. पुढे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करण्याचे बंधन असते. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केली. तिथे सुरुवातीच्या वर्षांत उमेदवारांना समोर बसवून खेड्यात राहाल का, खादी घालाल का, हे विचारले जाई, आणि नीट येईपर्यंत तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असे. आपली मुलेही तो पेपर देत. पुणे कराराची तारीख, २४ सप्टेंबर १९३२, त्यांना त्या पुस्तकात वाचण्याआधीच घरून पाठ असायची. तिथून शिकून आलेले डॉक्टर आज ठिकठिकाणी काम करत आहेत.

अशा मुलाखतीची तयारी आपण इथे संघाच्या खोलीत करून घेतो. त्यातला एक प्रसंग सांगतो. मुलगा हुशार. सगळी उत्तरे बरोबर. आम्ही विचारले, "व्हॉट इज युवर फादर?" तो म्हणाला, "ही वर्क्स इन बीएमसी." कुठल्या खात्यात? मान खाली. पाच जणांसमोर, आपल्याच माणसांसमोर, त्याची मान खाली गेली. वडील घनकचरा व्यवस्थापन खात्यात सफाई कामगार. आम्ही त्याला तिथेच थांबवले आणि इंग्रजी बाजूला ठेवून मराठीत विचारले, बाबा किती वाजता जातात? हातमोजे मिळतात का? पावसाळ्यात पायाला काय होते? तो बोलू लागला. लेप्टोस्पायरोसिस त्याला पुस्तकातून नव्हे, बाबांच्या दोस्ताच्या आजारपणातून माहीत होता. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो आजार मुंबईभर पसरला, त्याच्या गोष्टी घरात ऐकलेल्या. क्षयाची गोळी मधेच सोडली तर काय होते, हे त्याने चाळीत पाहिलेले. दहा मिनिटांनी आम्ही म्हणालो, तुला डॉक्टर का व्हायचे आहे, या प्रश्नाचे उत्तर तू आत्ता दिलेस. 'टू सर्व्ह द नेशन' हे वाक्य शंभर मुले म्हणतील. तुझ्याकडे आहे ते त्यांच्याकडे नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी एक नवी तऱ्हा काढली. एकाच समितीपुढे अर्धा तास बसवण्याऐवजी उमेदवाराने आठ-दहा टेबले फिरायची, दर टेबलाशी नवा परीक्षक, नवा प्रसंग, थोडीच मिनिटे. एकाच्या मनात आकस असला तरी बाकीच्यांच्या गुणांत तो पातळ होतो, हा त्यामागचा विचार. ती पद्धत मग इंग्लंड आणि इतर देशांत गेली. आपल्याकडे मुलाखतीचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान एवढे तरी वाचावे.

एक प्रश्न मुलाखतीत विचारत नाहीत, पण प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात विचारतात. "तुझी रँक किती?" जात विचारणे गैर आहे हे शिकलेल्या मुलांना कळते, म्हणून ती रँक विचारतात. आकडा सांगितला की चेहऱ्यावर उत्तर उमटते. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, याची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, २००७ साली अहवाल दिला. वसतिगृहातले वेगळे पडणे, तोंडी परीक्षेतला दुजाभाव, हे त्यात लिहिलेले आहे. म्हणजे तुम्ही कल्पनेने घाबरत नाही. पण रँकच्या प्रश्नाला घाबरून खोटा आकडा सांगू नका, तो यादीत छापलेला असतो. खरा सांगा आणि जेवायला बसा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेत पास होण्याची रेघ सर्वांना एकच आहे, तिथे प्रवर्गाचा रकाना कामाला येत नाही, हे त्यालाही पाच वर्षांत कळेल. छळ झाला तर मात्र सोसू नका. १९९९ चा राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार लेखी करा, पोच घ्या, आणि आम्हाला फोन करा.

पालकांसाठी दोन शब्द. पसंतीक्रम भरताना शेजाऱ्याचे ऐकू नका. आपल्याला जे कॉलेज सर्वांत हवे ते पहिले लिहा, मिळण्याची शक्यता कमी असली तरी लिहा. वरचे न मिळाल्याने खालचे जात नाही. जवळच पार्ल्याला कूपर रुग्णालयाचे महाविद्यालय २०१५ पासून आहे, म्हणून सगळे तेच पहिले लिहितात. मुलगी घरून जाऊन-येऊन करील, असा हिशेब असतो. मुलीला लांब पाठवायचे नाही म्हणून नंदुरबारची एमबीबीएसची जागा सोडून घराजवळचा दुसरा कोर्स घ्यायला लावलेली दोन घरे आमच्या माहितीत आहेत. मुलगा असता तर त्याच आई-बापांनी रात्रीच्या गाडीत बसवला असता. हे कुणाला लागले तर लागू दे.

खाजगी कॉलेजचा आकडा पाहून लगेच नाही म्हणू नका, आणि लगेच कर्जही काढू नका. शिष्यवृत्ती आणि फी माफीचे नियम आधी वाचा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा, मग बँकेत या. मधे कुणी 'सीट करून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. कॅपिटेशन फी घेणे राज्यात १९८७ पासून गुन्हा आहे, आणि असा पैसा बुडाला तर पोलिसांत सांगायचीही सोय राहत नाही. सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला वर्षभर सरकारी सेवेचा बाँड असतो. सही करताना आई घाबरते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी बाबासाहेबांनी १९१३ साली दहा वर्षांच्या सेवेच्या करारावर सही केली होती, असे सांगितले की बहुतेक आया शांत होतात.

आता कामाचे. रविवारी सकाळी दहा ते एक आपल्या विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही चौघे बसतो. अकरावीत गेलेल्यांनी पहिल्यांदा यावे, बारावीवाल्यांनी आजच नाव द्यावे. येताना आपला, वडिलांचा आणि असल्यास आजोबांचा शाळेचा दाखला, आधार, शिधापत्रिका आणि गावच्या वाडीचे पूर्ण नाव लिहून आणावे. आजी हयात असेल तर तिलाही आणा, तिला पाहिजे ते सगळे आठवते. आणि मूळ दाखल्यांना लॅमिनेशन करू नका. खिडकीवर कागद उलटा करून पाठीमागचा शिक्का पाहतात आणि प्लॅस्टिकवरून तो नीट दिसत नाही.

सप्रेम जयभीम.